‘सिव्हिलला स्कोप आहे का?’ – एका पुस्तकाच्या निमित्ताने

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या व्हरांड्यात एक ठरावीक प्रश्न ऐकू येऊ लागतो. ‘‘सर, सिव्हिलला स्कोप आहे का?’’ कधी मुलगा विचारतो, बहुतेक वेळा त्याचे वडील विचारतात. या ‘स्कोप’ नावाच्या छोट्या शब्दात पगार, नोकरीचे गाव, बदली, समाजातली पत असे बरेच काही कोंबलेले असते. आपणही त्याच भाषेत उत्तर देतो. बांधकामाच्या धंद्यात तेजी असेल तर ‘‘हो, आहे ना’’, मंदी असेल तर ‘‘कॉम्प्युटर मिळत असेल तर तेच बघा’’. करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकाही हेच करतात. शाखेचे नाव, प्रवेश परीक्षा, किती वर्षे, पुढे कोणत्या नोकऱ्या. चार ओळींत सिव्हिल संपते आणि मेकॅनिकल सुरू होते.

सिव्हिल इंजिनियर दिवसभर नेमके काय करतो, त्याच्या डोक्यात कोणते विचार चालतात, त्याला कशाची भीती वाटते, हे विचारणारी मुले मला इतक्या वर्षांत दोन-तीनच भेटली. खरे सांगायचे तर त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी विज्ञान शिकवणारा माणूस. पूल पाहिला की मला तरफ आणि बलांचा समतोल आठवतो, तो बांधणारा माणूस आठवत नाही. ते उत्तर पुष्कळसे मला ज्या पुस्तकात सापडले, त्याच्याविषयी हा लेख आहे. पुस्तक उत्तम आहे. पण ते जसेच्या तसे आपल्या मुलांच्या हाती देऊन भागणार नाही. असे का, तेही सांगायचे आहे.

शेजाऱ्याने विचारलेला प्रश्न

हेन्री पेट्रोस्की हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सिव्हिल इंजिनियरिंगचे प्राध्यापक होते. २०२३ साली त्यांचे निधन झाले. साधी पेन्सिल आणि पुस्तकाचे कपाट यांच्यावर स्वतंत्र पुस्तके लिहिणारा हा माणूस. ‘टू एंजिनियर इज ह्यूमन’ हे त्यांचे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले. चुकणे हा माणसाचा स्वभावच आहे अशा अर्थाची एक इंग्रजी म्हण आहे, तिच्यावर हे नाव बेतलेले आहे. यशस्वी आरेखनात अपयशाचा वाटा किती, हा पुस्तकाचा विषय.

पुस्तकाची सुरुवात शेजाऱ्याच्या प्रश्नाने होते. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात एका नव्या हॉटेलच्या दालनातले दोन टांगते पादपूल कोसळले. खाली नृत्याचा कार्यक्रम चालू होता. ११४ माणसे मेली. शेजाऱ्याने पेट्रोस्कींना विचारले की असे होतेच कसे? इतकी साधी गोष्टही इंजिनियरांना नीट बांधता येत नाही का? सगळे पुस्तक म्हणजे या प्रश्नाला दिलेले सविस्तर उत्तर आहे.

हा अपघात वर्गात सांगण्याजोगा आहे, म्हणून थोडा तपशील देतो. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या पातळीवरचे हे दोन पूल एकाखाली एक असे छताला लोखंडी सळयांनी टांगलेले होते. मूळ आराखड्यात प्रत्येक सळई छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड होती आणि वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जात होती. प्रत्येक तुळईखाली एक नट. पण एवढ्या लांब सळईला मध्यापर्यंत आटे पाडून नट वर चढवत नेणे किचकट होते. म्हणून काम सुरू झाल्यावर एक ‘छोटासा’ बदल झाला. छतापासून वरच्या पुलापर्यंत एक सळई, आणि वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरी.

मुलांना विचारा, काय बिघडले? बहुतेक मुले म्हणतील, ‘‘काहीच नाही, वजन तेवढेच आहे.’’ मग त्यांना दोरीच्या मल्लखांबाची आठवण करून द्या. एका दोरीला दोन मुले वर-खाली लोंबकळत आहेत. प्रत्येकाच्या मुठी आपापल्या वजनापुरत्या आवळलेल्या आहेत. आता खालच्या मुलाने दोरी सोडली आणि वरच्याचे पाय धरले. दोरीवरचा भार तेवढाच राहिला, पण वरच्या मुलाच्या मुठींवर दोघांचे वजन आले. वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटाचे नेमके हेच झाले. त्यातून पुढच्या चौकशीत असे दिसले की मूळचा सांधाही शहराच्या बांधकाम नियमांइतका भक्कम नव्हता. बदलाने त्याच्यावरचा भार दुप्पट केला.

या हकिकतीत कुठेही अवघड गणित नाही. नववीच्या मुलाला समजेल एवढेच यंत्रशास्त्र आहे. ‘या सांध्यावर आता किती भार येतो?’ हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. सिव्हिल इंजिनियरिंग म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा यावरून जास्त कळते.

बांधकाम हे एक गृहीतक

पुस्तकाचा गाभा एका प्रकरणात आहे. पेट्रोस्की म्हणतात की प्रत्येक नवे बांधकाम म्हणजे एक गृहीतक असते. ‘हा पूल उभा राहील’ हे ते गृहीतक. पूल रोज उभा राहतो तेव्हा गृहीतक सिद्ध होत नाही, ते फक्त त्या दिवशी खोटे ठरत नाही. कोसळतो तेव्हा मात्र ते एका क्षणात खोटे ठरते, आणि आपल्याला काहीतरी नवे कळते. म्हणून चांगला इंजिनियर ‘हे कसे उभे राहील’ यापेक्षा ‘हे कोणकोणत्या प्रकारांनी पडू शकेल’ याचा विचार अधिक करतो. पडण्याच्या सगळ्या वाटा त्याने कागदावरच बंद करायच्या असतात. एखादी वाट त्याला सुचलीच नाही, तर ती पुढे निसर्ग दाखवतो. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल जुलै १९४० मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्याने पिळवटून पडला. वारा काही वादळी नव्हता, ताशी ६५-७० किलोमीटरचा. वाऱ्याचा दाब इंजिनियरांनी हिशेबात धरला होता. पण त्या लांब, सडपातळ पुलाला वारा झुलवत ठेवू शकेल, ही पडण्याची वाट त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

विज्ञान शिकवणाऱ्यांना हा विचार परका नाही. प्रयोगाने सिद्धान्त सिद्ध होत नाही, तो फक्त टिकतो, हे आपण वर्गात सांगतोच. इंजिनियरच्या बाबतीत त्या प्रयोगावरून रोज माणसे ये-जा करत असतात, एवढाच फरक.

पेट्रोस्कींची दुसरी हातोटी म्हणजे हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवणे. ते वर्गात साध्या जेमक्लिपा वाटत आणि प्रत्येकाला क्लिप सरळ करून मागे-पुढे वाकवायला सांगत. किती वेळा वाकवल्यावर तुटते ते मोजायचे. धातूचा थकवा म्हणजे काय ते दोन मिनिटांत कळते. त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर कळते. सगळ्यांच्या क्लिपा एकाच आकड्याला तुटत नाहीत. एकाच डब्यातल्या, एकाच कारखान्यातल्या क्लिपा, तरी कुणाची लवकर तुटते, कुणाची उशिरा. मग इंजिनियरने कोणता आकडा धरायचा? सरासरीचा धरला तर निम्म्या क्लिपा त्याआधीच तुटलेल्या असतील! त्यांच्या मुलाच्या एका बोलक्या खेळण्याची हकिकतही अशीच आहे. त्याची अक्षरांची बटणे तुटू लागली ती वापराच्या क्रमाने. ‘ई’ हे अक्षर इंग्रजीत सर्वांत जास्त लागते, आणि आधी तुटले तेच.

संगणकावरचे त्यांचे प्रकरणही आज पुन्हा वाचावे असे आहे. गणकपट्टीवर तीनच अंकांपर्यंत उत्तर मिळे आणि दशांशचिन्ह कुठे द्यायचे ते स्वतः ठरवावे लागे. त्यामुळे उत्तर साधारण किती यायला हवे याचा अंदाज आधी मनात बांधावाच लागे. संगणक आठ अंकी उत्तर देतो आणि अंदाजाची सवय काढून घेतो. १९७८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या एका प्रचंड क्रीडागृहाचे छत बर्फाच्या भाराने कोसळले. त्याचे विश्लेषण संगणकावर केलेले होते. त्याच रात्री काही तास आधी तिथे हजारो प्रेक्षक बसले होते. कॅल्क्युलेटरवर आलेले उत्तर मुले डोळे मिटून उतरवतात, तेव्हा मला हे प्रकरण आठवते.

सुरक्षा गुणांक कोण खातो?

आता पुस्तकाच्या मर्यादेकडे वळतो. ती मला पुस्तक वाचताना जाणवली नव्हती. एका जुन्या विद्यार्थ्याने ती दाखवून दिली.

हा मुलगा दहावीनंतर डिप्लोमाला गेला, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला. पुढे एका ठेकेदाराकडे साइट इंजिनियर म्हणून लागला. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याला पेट्रोस्कींचे सुरक्षा गुणांकाचे प्रकरण दाखवले. क्लिपांसारखेच प्रत्येक पदार्थात कमी-जास्त असते, भारांचा अंदाज चुकू शकतो, हिशेबात काही सुटू शकते. म्हणून इंजिनियर हात राखून आकडे धरतो. आपल्या भारतीय मानक ४५६ नुसारही नेहमीच्या हिशेबात स्लॅबवरचे भार दीडपट धरतात आणि काँक्रीटची ताकद दीडने भागतात. आपल्या अज्ञानासाठी आधीच काढून ठेवलेली ही शिल्लक.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘सर, पुस्तकात ही शिल्लक अज्ञानासाठी आहे. साइटवर ती वेगळ्याच कामाला जाते.’’

त्याने सांगितलेली गोष्ट अशी. स्लॅबचा दिवस होता. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटर पाणी असे प्रमाण ठरलेले होते. सकाळी सगळे प्रमाणात चालले होते. दुपारनंतर मजूर थकले. घट्ट माल ओढायला जड जातो, सळयांमध्ये लवकर बसत नाही. मुकादम म्हणाला, ‘‘साहेब, माल कोरडा येतोय.’’ मिक्सरवरच्या माणसाने डबडे उचलले आणि पाणी वाढवायला सुरुवात केली. पोत्यामागे पाच लिटर तरी जादा. पाणी जास्त झाले की काँक्रीट सहज पसरते, पण जे पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही ते पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात. २५ चे ३० लिटर झाले तर ताकद पाचव्या हिश्श्यापर्यंत घटू शकते. हे त्याला माहीत होते. परीक्षेत त्याने यावर टीप लिहिलेली होती. त्याने एकदा हटकले. ठेकेदाराने फोनवर सांगितले, ‘‘आज स्लॅब पुरा झाला पाहिजे, बाकी मला सांगू नको.’’ तो गप्प बसला.

‘‘आणि तपासणीचे ठोकळे?’’ मी विचारले. काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे घन ठोकळे भरून २८ दिवसांनी यंत्रात दाबून पाहतात, एवढे मला ठाऊक होते.

‘‘ठोकळे सकाळच्या मालाचे होते सर. पास झाले.’’

इमारत उभी आहे. लोक राहतात. भिंतीला साधी चीरही नाही. सुरक्षा गुणांकाने सगळे पोटात घेतले. ‘‘पण त्या रस्त्याने जाताना मी वर बघत नाही,’’ तो म्हणाला.

पेट्रोस्कींच्या पुस्तकात या मुलाला जागा नाही. त्यांचा इंजिनियर चुकतो तो बहुधा माहीत नसल्यामुळे किंवा सुचले नसल्यामुळे. माझ्या विद्यार्थ्याला सगळे माहीत होते. माणसे घाई करतात, पैसे वाचवतात, दुर्लक्ष करतात हे पेट्रोस्कींना ठाऊक नाही असे नव्हे. पण त्यांच्या मांडणीत ते कडेला आहे, मध्यभागी नाही. अज्ञानासाठी काढून ठेवलेली शिल्लक इमारत पुरी होण्याआधीच दुसऱ्याने खर्च करून टाकली, आणि पुढे खरोखर काही अनपेक्षित घडले, तर काय उरते? हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. आपल्याला तो विचारावा लागतो.

दोन धरणे, दोन धडे

फरक नीट समजावा म्हणून महाराष्ट्रातल्याच दोन धरणांची उदाहरणे घेऊ.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. दख्खनचा हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात असे. धरण टिकले, पण भिंतीचा उतार जिथे बदलतो त्या वरच्या भागात तिला आडव्या चिरा पडल्या. पुढे भिंतीला पाठीमागून काँक्रीटचे टेकू देऊन ती मजबूत केली. त्या चिरांचा अभ्यास जगभर झाला. काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा परिणाम कसा होतो, हे तपासायचे तर आजही कोयनेचे उदाहरण घेतात. ही खास पेट्रोस्कींच्या पुस्तकातली गोष्ट वाटते. निसर्गाने न सुचलेली वाट दाखवली, माणूस शिकला.

१२ जुलै १९६१ ची पानशेतची गोष्ट वेगळी आहे. पानशेत मातीचे धरण. त्याच्या पोटातून पाणी सोडण्याच्या वाटेचे आणि दरवाजांचे काम अपुरे असताना त्या पावसाळ्यात पाणी साठू दिले गेले. धरण खचू लागले, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण ते फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. अपुऱ्या धरणात पाणी भरू नये, हे कळण्यासाठी कोणत्याही नव्या शास्त्राची गरज नव्हती.

कोयनेने आपल्या ज्ञानात भर घातली. पानशेतने हाती असलेले ज्ञान आपण वापरत नाही, एवढेच दाखवले. ‘अपयश शिकवते’ हे पेट्रोस्कींचे सूत्र पहिल्याला लागू पडते. दुसऱ्यासाठी वेगळे सूत्र हवे. तिथे ‘थांबा’ म्हणू शकणारा माणूस हवा, आणि त्याचे ऐकणारी व्यवस्था हवी.

पुस्तकात आणखी दोन उणिवा आहेत. पहिली, पेट्रोस्कींना वस्तूंचे जन्म आणि मृत्यू दिसतात, म्हातारपण फारसे दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने गेली. जुन्या पुलाच्या पायाखालची माती पूर उकरून नेतो, ही काही अज्ञात वाट नव्हे. जुन्या पुलाकडे कोणी, किती वेळा, काय पाहायला जायचे, हा तिथला प्रश्न आहे. दुसरी उणीव अशी, की ज्या घरांनी कधी इंजिनियर पाहिलाच नाही ती घरे पुस्तकात येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती उंच इमारतींत नव्हे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड धाबे, यांखाली गेली. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालणे, खिडक्या-दारांच्या वर सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा एक अखंड पट्टा देणे, एवढ्यानेही अशा घरांचा धोका पुष्कळ कमी होतो. हेही सिव्हिल इंजिनियरिंगच. त्यात भव्य काही नसल्यामुळे ते ना पेट्रोस्कींच्या पुस्तकात आले, ना आपल्या करिअर पुस्तिकांत.

मग मुलांना काय सांगायचे?

आता व्हरांड्यातल्या प्रश्नाकडे परत येऊ. पुस्तक आणि त्याच्या उणिवा दोन्ही ध्यानात घेतल्या, तर सिव्हिलविषयी बरेच जास्त खरे सांगता येते.

अभ्यासाविषयी सांगायचे तर पदवीची चार वर्षे, किंवा दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्यात यंत्रशास्त्र, पदार्थांची ताकद, सर्वेक्षण, पाण्याच्या प्रवाहाचे शास्त्र, मातीचे गुणधर्म, काँक्रीट, पूल-इमारतींचे आरेखन, सिंचन, पाणीपुरवठा व सांडपाणी, रस्ते, अंदाजपत्रक असे विषय येतात. यादी पाहिली तर लक्षात येईल की निम्मे विषय माती आणि पाणी यांचे आहेत. इमारत म्हणजे सिव्हिल, हा आपला समज अर्धवट आहे. गावाला येणारा नळ आणि गावाबाहेर जाणारे गटार, दोन्ही सिव्हिलच. सगळ्या यादीत न कोसळलेल्या बांधकामांचेच गणित असते. पडलेल्या बांधकामांना अभ्यासक्रमात फारच थोडी जागा मिळते. आठवड्याला एक जरी पडझड मुलांनी नीट अभ्यासली, कारण शोधले, कोणी कोणत्या क्षणी थांबवायला हवे होते यावर वाद घातला, तर माझ्या विद्यार्थ्याला त्या दुपारी निदान बोलायला शब्द सापडले असते असे मला वाटते. या बाबतीत पेट्रोस्कींचे पुस्तक अभ्यासक्रमाच्या पुढे आहे.

कामाविषयीही मोकळेपणाने सांगावे. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकामांसाठी माणसे तयार करायला वर्ग निघाला, त्याचेच पुढे इंजिनियरिंग कॉलेज झाले. विश्वेश्वरय्या तिथूनच १८८३ साली बाहेर पडले. तेव्हापासून सिव्हिल म्हणजे सरकारी खाते, हे समीकरण आपल्या डोक्यात बसले आहे. ती वाट आजही आहे. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद, महापालिका, रेल्वे यांत स्पर्धा परीक्षा देऊन जाता येते. पण वाटा पुष्कळ आहेत. ठेकेदाराकडे साइटवर, सल्लागाराकडे आरेखनात, प्रयोगशाळेत माती आणि काँक्रीट तपासण्यात, सर्वेक्षणात, पाणी शुद्धीकरणात, वाहतुकीच्या नियोजनात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच करावी लागते. म्हणजे म्हाताऱ्या इमारतींचे डॉक्टर होणे हाही आता एक व्यवसाय आहे, आणि तो वाढणारच. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या मित्रापेक्षा बहुधा कमी असतो. पहिली काही वर्षे ऊन, धूळ, भाड्याची खोली आणि परके गाव. हे लपवू नये.

पुस्तकातले इंजिनियर बहुतेक सगळे पुरुष आहेत. आपल्या डोळ्यांसमोरही तसेच चित्र असते, म्हणून मुलीने सिव्हिल म्हटले की घरात कपाळाला आठ्या पडतात. त्या पालकांना तीन नावे सांगावीत. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पतीसह सुट्या भागांतून जुळणाऱ्या पुलांची पद्धत काढली. असा पूल १९७२ मध्ये हिमालयात स्पिती खोऱ्यात उभा राहिला. पी. के. थ्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आणि जून २०२५ मध्ये खुल्या झालेल्या चिनाब नदीवरच्या रेल्वे पुलाच्या कामात डोंगराचे खडक आणि उतार यांचा सल्ला देणाऱ्यांमध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक माधवी लता होत्या. तो पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे.

वर्गात करण्यासारखे

पेट्रोस्कींच्या क्लिपांच्या जोडीला मी एक प्रयोग करून घेतो. २०० ग्रॅम सिमेंट, ६०० ग्रॅम चाळलेली वाळू आणि १०० मिलिलिटर पाणी यांचा माल करा. दुसऱ्या घमेल्यात सगळे तेवढेच, पण पाणी १६० मिलिलिटर. सिमेंट हाताने कालवू नका, त्वचा सोलते. थापी किंवा जुना चमचा घ्या. पुठ्ठ्याचे साचे करून त्यांना आतून प्लास्टिक लावा आणि २० सेंटिमीटर लांब, ३ रुंद, १ जाड अशा पाच-पाच पट्ट्या ओता. कोणता माल साच्यात सहज बसतो ते मुलांना लिहून ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून सात दिवस पाण्यात ठेवा. मग प्रत्येक पट्टी दोन विटांवर टेकवून मध्यभागी दोरीने बादली टांगा आणि मगाने पाणी ओतत जा. पाय बाजूला ठेवायला सांगा! किती पाण्याला तुटली ते मोजा.

पातळ मालाच्या पट्ट्या सरासरीने आधी तुटतात. पण एकाच मालाच्या पाचही पट्ट्या सारख्या पाण्याला तुटत नाहीत. ‘मग तुम्ही इंजिनियर असाल तर किती भार धराल?’ असे विचारा आणि सुरक्षा गुणांकाचा शोध मुलांनाच लावू द्या. शेवटी आणखी एक प्रश्न विचारा. ‘ओतायला सोपा माल कोणता होता? मजूर थकलेत, अंधार पडत आलाय, मालक घाई करतोय. तुम्ही काय कराल?’ या प्रश्नावर वर्ग एकदम शांत होतो. उत्तर लगेच मागू नये.

पेट्रोस्कींचे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात जरूर असावे. इंग्रजी सोपे आहे, गणित जवळजवळ नाही. आपण वाचावे, आणि कोयना, पानशेत, किल्लारी, सावित्री यांची पाने त्याला आपल्या तोंडून जोडावीत. आणि पुढच्या जूनमध्ये कोणी ‘‘सिव्हिलला स्कोप आहे का?’’ विचारले तर ‘‘आहे’’ म्हणून सोडून देऊ नये. ‘‘गणित जमते का’’ हे तर विचारावेच. ‘‘ऊन सोसवेल का’’ हेही विचारावे. आणि ‘‘सगळे ‘चालू द्या’ म्हणत असताना ‘थांबा’ म्हणता येईल का’’ हेही विचारावे. सोळा वर्षांच्या मुलाला याचे उत्तर देता येणार नाही. पण प्रश्न त्याच्याबरोबर जाईल, आणि एखाद्या स्लॅबच्या दुपारी त्याला आठवेल.

त्या दिवाळीत माझा विद्यार्थी पुस्तक वाचायला घेऊन गेला. चार महिन्यांनी परत केले तेव्हा सुरक्षा गुणांकाच्या प्रकरणात कागदाचा एक कपटा होता. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिले होते : ‘ठोकळे यापुढे संध्याकाळच्या मालाचेही भरायचे.’